म्हशीला दोन चमचे

हिवरखेडचे रामराव आणि त्यांची पत्नी वच्छलाबाई यांच्यात १ मार्चला, रविवारी, सकाळी साडेसहाच्या सुमारास गोठ्यात एक करार झाला. साक्षीदार दोन होते, सालदार चंद्रभान आणि म्हैस.

करार असा. वच्छलाबाई रोज जी पावडर पाण्यात कालवून पीत होत्या, तीच पावडर एकवीस दिवस म्हशीला द्यायची. डेअरीच्या मशीनवर दुधाची फॅट वाढली, तर रामरावांनी तोंड बंद ठेवायचे आणि स्वतः पावडर सुरू करायची. नाही वाढली, तर वच्छलाबाईंनी बंद केलेली बीपीची गोळी पुन्हा सुरू करायची.

या करारापर्यंत यायला त्यांना महिनाभर भांडावे लागले.

सुरुवात अमरावतीत झाली. वच्छलाबाईंच्या बहिणीचा मुलगा नितेश याने मोबाइलचे दुकान बंद करून राजापेठेत, ट्युशन क्लासच्या वरच्या मजल्यावर, वेलनेस सेंटर उघडले. २८ जानेवारीला उद्घाटन होते. नारळ फुटल्यावर पाहुण्यांना एकेक करून एका मशीनवर उभे करण्यात आले. मशीन वजन सांगते, चरबी सांगते आणि शेवटी शरीराचे वय सांगते, असे नितेशने जाहीर केले.

रामराव त्रेसष्ट वर्षांचे आहेत आणि दिवसाला तंबाखू-सुपारीचे दोन खर्रे खातात. मशीनने त्यांचे वय एकोणपन्नास सांगितले. वच्छलाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, त्यांना सुपारीचेही व्यसन नाही. मशीनने त्यांचे वय एकाहत्तर सांगितले.

"मशीन बिघडलं हाय बे तुझं," रामराव म्हणाले.

"काकाजी, कोरियाचं मशीन हाय," नितेश म्हणाला. "ते बॉडीचं वय सांगते, आधार कार्डाचं नाही."

"म्हंजे ही माह्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठी? मंग हिले मी माय म्हणू का आता?"

"तुमची बॉडी टाइप वेगळी हाय, काकाजी."

पाहुणे हसले. वच्छलाबाई हसल्या नाहीत. मशीनमधून निघालेली चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली, घडी केली आणि पिशवीत ठेवली. मशीन बिघडलेले आहे, असा निष्कर्ष रामरावांनी काढला. आपली तब्येत फार बिघडलेली आहे, असा निष्कर्ष वच्छलाबाईंनी काढला.

"घाबरू नको मावशी," नितेश म्हणाला. "नव्वद दिवसांत हे एकाहत्तर आपण पन्नासवर आणतो." आणि त्याने पावडरचे तीन डबे दिले.

वच्छलाबाई भोळ्या नाहीत. मशीनवर त्यांचा विश्वास बसण्याला कारण होते. चार वर्षांपूर्वीपर्यंत गावातला जुना डेअरीवाला दूध बोटावर घेऊन, डोळा बारीक करून, मनाला येईल तो आकडा वहीत लिहीत असे. वच्छलाबाई दुधात पाणी घालतात, असे तो चार माणसांत बोलला होता. मग नवी डेअरी आली, ओमप्रकाश नावाचा माणूस आला आणि मशीन आले. पहिल्याच दिवशी मशीनने वच्छलाबाईंच्या दुधाची फॅट सात पॉइंट एक छापून दिली. ती चिठ्ठी त्यांनी बाजारओळीतल्या सगळ्या बायांना दाखवली. तेव्हापासून छापून येते ते खरे, असे त्या मानतात. डेअरीच्या सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात आहेत. राजापेठेची चिठ्ठीही त्याच डब्यात गेली.

२९ जानेवारीला त्यांनी पावडर सुरू केली. आठवड्याभरात गुडघे दुखायचे थांबले. यात खोटे काही नव्हते. दिवाळीपासून त्या जिना चढताना भिंतीला हात लावत, आता लावत नव्हत्या. त्यांनी नितेशला फोन केला. नितेश म्हणाला, गुडघ्यांवर एवढा गुण आला तर बीपी काय चीज आहे. गोळीची आता गरज नाही, उलट गोळी पावडरच्या आड येते. ३ फेब्रुवारीपासून वच्छलाबाईंनी गोळी बंद केली. आठ वर्षे रोज सकाळी त्या ती घेत होत्या.

२२ फेब्रुवारीला डेअरीच्या रांगेत त्या मटकन खाली बसल्या. दुधाची कॅन लवंडली. ओमप्रकाशने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि सांडलेल्या दुधाची नोंद करता येत नाही म्हणून दिलगिरी व्यक्त केली. दुसऱ्या दिवशी रामराव त्यांना आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेले. तिथल्या नर्स जमुनाबाईंनी दंडाला पट्टा बांधला, पंप दाबला, कानाला नळ्या लावून ऐकले आणि पेनाने कागदावर लिहिले: १६८/१०२.

"गोळी काहून बंद केली?" जमुनाबाईंनी विचारले.

वच्छलाबाईंनी पिशवीतून डबा काढून दाखवला. जमुनाबाईंनी चष्मा लावून त्यावरची बारीक अक्षरे वाचली.

"शेवग्याचा पाला हाय. जवस हाय. सोयाबीन हाय," त्या म्हणाल्या. "बाई, हे तं सारं तुमच्याच वावराच्या धुऱ्यावर हाय. खा ना, कोण नाही म्हणते? पण गोळी बंद करू नका. एखाद दिवशी तोंड वाकडं होईल, मंग मले म्हणू नका."

घरी आल्यावर वच्छलाबाईंनी आपले मत सांगितले. "कानानं ऐकून सांगते ते. छापून कुठी आलं?"

रामरावांनी नितेशला फोन लावला आणि आकडा सांगितला.

"चांगलं हाय काकाजी," नितेश म्हणाला. "आधी नंबर वाढतेच. जुनी घाण बाहेर निघून राहिली."

"आन कमी झाला असता तं?"

"तं पावडरचा गुण."

"मंग वाईट कवा म्हणायचं रे?"

"काकाजी, तुमी निगेटिव्ह लय बोलता."

रामरावांनी मेडिकलमधून गोळ्यांची एक पट्टी आणली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. रोज सकाळी चहाच्या वेळी ते पट्टी बशीशेजारी ठेवत. चहा संपल्यावर वच्छलाबाई कप उचलत, बशी उचलत आणि पट्टी तिथेच ठेवत. रामराव ती पुन्हा खिशात घालत. असे पाच दिवस चालले. सहाव्या दिवशी त्यांना मशीन सुचले.

"तुहा मशीनवर भरोसा हाय ना? मंग पावडर म्हशीले देऊ. जे असंल ते डेअरीत छापून येईल."

वच्छलाबाईंनी थोडा वेळ म्हशीकडे पाहिले. "द्या," त्या म्हणाल्या.

डब्यावर लिहिले होते, साठ किलो वजनाच्या माणसाला दोन चमचे. म्हैस साडेचारशे किलोची तरी असेल, तेव्हा पंधरा चमचे द्यायला हवेत, असा हिशेब रामरावांनी मांडला.

"आन माहा डबा चार दिवसांत सरला म्हंजे?" वच्छलाबाई म्हणाल्या. "मी बहात्तर किलोची हाय. मले कोणं वाढवून देल्ले? दोनच चमचे."

"म्हशीले दोन चमचे म्हंजे हत्तीले बडीशेप झाली मालक," चंद्रभान म्हणाला.

दोनच चमचे ठरले. सरकीच्या ढेपेत कालवून चंद्रभानने ते म्हशीपुढे ठेवले. म्हशीने ढेप नेहमीसारखीच खाल्ली.

प्रयोगाच्या काळात बाकी काही बदलायचे नाही, हे रामरावांनी कसोशीने पाळले. ढेप तीच, कडबा तोच, पाणी त्याच हौदाचे. शेजाऱ्याने हिरवा मका देऊ केला, तोही त्यांनी परत पाठवला. हरण्याची भीती त्यांना नव्हती. शेवगा आणि जवस खाऊन म्हशीचे काही बिघडणार नाही आणि काही सुधारणारही नाही, याची त्यांना खात्री होती. एकवीस दिवस गेले की आकडा होता तिथेच असेल, गोळी सुरू होईल आणि विषय संपेल.

१ मार्चला फॅट सहा पॉइंट नऊ लागली. आठ तारखेला सात पॉइंट दोन. पंधरा तारखेला सात पॉइंट पाच.

"ढेप बदलली का रामरावजी?" ओमप्रकाशने विचारले.

"नाही," रामराव म्हणाले.

"मंग काय करून राहिले? लोकांले सांगा ना."

रामरावांनी रिकामी कॅन उचलली. धार वच्छलाबाईच काढत. अलीकडे त्यांना धार काढायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागत होता. ते त्यांनी कोणाला सांगितले नाही.

२१ मार्चला मशीनने सात पॉइंट आठ छापले. रामरावांनी चिठ्ठी उजेडात धरून पाहिली, मग घरी आणून बायकोच्या हातात दिली. करार करार होता. बावीस तारखेच्या सकाळी त्यांनी दोन चमचे पावडर पाण्यात कालवली आणि ते उभ्यानेच ती प्याले. चव भाजलेल्या सोयाबीनच्या पिठासारखी होती, शेवटी थोडी कडवट. रोज सकाळी ते ती पीत राहिले. गोळ्यांची पट्टी मात्र खिशातून काढली नाही. तोंड बंद ठेवायचे ठरले होते, खिशाबद्दल काही ठरले नव्हते.

वच्छलाबाईंना अधूनमधून डोके जड वाटत होते. ते त्या सांगत नव्हत्या, पण स्वयंपाक करताना ओट्याला धरून उभ्या राहत, हे रामरावांना दिसत होते. बोलता येत नव्हते.

चिठ्ठीचा फोटो नितेशकडे पोचला. वच्छलाबाईंनीच तो पाठवला होता. तासाभरात तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरला. वर लिहिले होते: 'म्हशीवर सिद्ध! माणसावर तर दुप्पट!' फोटोत चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग होता. फॅट खाली छापतात. लिटर वर छापतात.

२९ मार्चला, रविवारी, अकोल्यात पावडरच्या कंपनीची मोठी मीटिंग होती. मावशीने स्टेजवर येऊन अनुभव सांगायचा, असे नितेशने ठरवले. हे झाले तर त्याला कंपनीत वरची पायरी मिळणार होती, आणि दुकान बंद केल्यापासून त्याला घरी रोज ऐकून घ्यावे लागत होते. वच्छलाबाई हो म्हणाल्या. रामराव सोबत निघाले. पावडर पिऊनच निघाले.

मंगल कार्यालय भरलेले होते. शहरातले लोक पंख्याखाली बसले होते, तेल्हारा-अकोट भागातून आलेली माणसे बाजूच्या खुर्च्यांवर. स्टेजवर कोट घातलेले शुभंकर सर होते. ते नितेशच्या वरच्या पायरीवरचे. पडद्यावर चिठ्ठीचा अर्धा फोटो मोठा करून लावला होता.

"डॉक्टर खोटं बोलेल, नवरा खोटं बोलेल," शुभंकर सर म्हणाले, "पण म्हैस खोटं बोलेल का?"

टाळ्या झाल्या. वच्छलाबाईंच्या हातात माइक आला. त्यांनी नाव सांगितले, गाव सांगितले आणि सांगितले की पावडरनंतर गुडघे थांबले, म्हशीला एकवीस दिवस पावडर दिली आणि फॅट सहा पॉइंट नऊवरून सात पॉइंट आठ झाली. सगळे खरे होते.

बाजूच्या खुर्च्यांमधून एक बाई गुडघ्यावर हात देत उठल्या. जाईबाई त्यांचे नाव, तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातल्या. त्यांना कोणाला खोटे पाडायचे नव्हते. म्हशीची गोष्ट निघाली की जे कोणीही विचारते, तेच त्यांनी विचारले.

"बाई, म्हैस व्याली कवा?"

"माताजी, प्रश्न शेवटी घेऊ," शुभंकर सर म्हणाले.

पण माइक वच्छलाबाईंकडे होता. "जेठात," त्या म्हणाल्या.

बाजूच्या खुर्च्यांवर बोटांच्या पेरांवर महिने मोजले गेले. जेठ, आखाड, श्रावण. नऊ महिन्यांच्या वर भरले.

"मंग आटत आली ना ते!" मागून एक जण म्हणाला. "आटत आल्यावर फॅट वाढतेच बाप्पा."

"माह्या म्हशीची नऊ लागते," दुसरा म्हणाला. "तिले तं म्या चमचाबी दाखवला नाही."

बाजूच्या खुर्च्या का हसल्या, ते पंख्याखालच्या लोकांना कळले नाही. ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. दूध कमी होत जाते तसे ते घट्ट होत जाते.

"दूध किती होतं?" जाईबाईंनी विचारले.

वच्छलाबाईंनी एकदा नितेशकडे पाहिले. तो मान हलवून नको म्हणत होता.

"पयल्या तारखेले तीन लिटर," त्या म्हणाल्या. "एकवीसले दोन."

"जाऊ द्या ते म्हशीचं," जाईबाई म्हणाल्या. "मले गुडघ्यासाठी घ्यायची हाय. तुमचे गुडघे कवा थांबले?"

"फेब्रुवारी लागला तवा."

"आन वेचणी कवा सरली तुमची?"

वच्छलाबाईंनी बोटाच्या पेरांवर दिवस मोजले. माइकमधून पंख्याचा आवाज येत राहिला. दिवाळीपासून त्या रोज कमरेला ओटी बांधून, पराटीच्या ओळींतून वाकून कापूस वेचत होत्या. तीन महिने.

"शेवटचा वेचा सव्वीस जानेवारीले झाला," त्या म्हणाल्या. "झेंडावंदनाच्या दिवशी."

"हो ना," जाईबाई म्हणाल्या. "माहेबी दरसाल तवाच थांबते." आणि त्या पुन्हा गुडघ्यावर हात देत खाली बसल्या.

शुभंकर सरांनी माइक परत घेतला. "जोरदार टाळ्या, माताजींसाठी," ते म्हणाले. टाळ्या झाल्या.

कार्यालयाच्या दाराशी नितेशने गाठले. त्याचा चेहरा उतरला होता.

"मावशी, तू फक्त हो हो म्हणायचं होतं."

"काय हो म्हणू? तिनं कवा व्याली इचारलं. त्याचं उत्तर हो असते का?"

"लिटर सांगायले कोणं लावलं होतं तुले?"

"म्हशीबद्दल खोटं कसं बोलू रे? उद्या सकाळी डेअरीच्या रांगेत मले उभं राहायचं हाय. तुले नाही."

"आन माहं काय?"

वच्छलाबाईंनी त्याच्याकडे पाहिले. "जेवला का?" त्यांनी विचारले. तो नाही म्हणाला. पिशवीतल्या डब्यातल्या दोन पोळ्या आणि जवसाची चटणी त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. "हे खाय. आन कोणाले गोळ्या बंद करायले सांगत जाऊ नको."

अकोल्याच्या बसस्टँडवर अकोटची गाडी लागायला वेळ होता. दोघे बाकावर बसले.

"मले पयल्या दिवसापासून माहीत होतं," वच्छलाबाई म्हणाल्या. "म्हैस आटत आली म्हणून."

रामरावांनी मान वळवली. "मंग बोलली काहून नाही?"

"तुमाले माहीत नव्हतं हे माही चूक हाय का? तीस वर्षांपासून दावणीले म्हैस हाय. कवा व्याली, कवा आटली, कवा इचारलं?"

"म्या ढेप बदलू देल्ली नाही. मका परत केला."

"पाहिलं मी," त्या म्हणाल्या. "लय इमानदारीनं हरले तुमी."

गाडी फलाटावर लागली. माणसे दाराकडे धावली. वच्छलाबाई उठल्या नाहीत.

"गुडघ्याचं मात्र मले खरंच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. मग हात पुढे केला. "ते पट्टी द्या."

"कोणती?"

"खिशातली. धुण्याच्या आधी खिसे कोण पायते? दर धुण्याले काढून ठेवली, आन वाळल्यावर परत ठेवली."

रामरावांनी पट्टी काढली. तिच्या कडा दुमडल्या होत्या, पण गोळ्या सगळ्या होत्या. वच्छलाबाईंनी ती आपल्या पिशवीत ठेवली. "उद्या जमुनाबाईले इचारून सुरू करतो," त्या म्हणाल्या आणि गाडीत चढल्या. चढताना दांडीला धरावे लागले.

३० मार्चला जमुनाबाईंनी पट्टा बांधला, पंप दाबला आणि कानाने ऐकले. आकडा १७२/१०४ होता. गोळी किती दिवस बंद होती, असे त्यांनी विचारले. पंचावन्न, असे उत्तर मिळाले. त्याच दिवशी त्यांनी वच्छलाबाईंना डॉक्टरांकडे पाठवले आणि दुसऱ्या सकाळपासून गोळी सुरू झाली. रामरावांची पावडर बंद झाली. तशी ती बंद करायचे कोणी म्हणाले नव्हते. डबा फडताळावरून दिसेनासा झाला.

म्हैस ११ एप्रिलला आटली. शेवटच्या चिठ्ठीवर फॅट आठ पॉइंट सहा होती. तिची पावडर बंद होऊन तेव्हा बरोबर एकवीस दिवस झाले होते.

त्याच दिवशी वच्छलाबाई उपकेंद्रात जाऊन आल्या. १४०/८८. जमुनाबाईंनी पेनाने लिहिलेला तो कागद त्यांनी घडी करून बिस्किटांच्या डब्यात, डेअरीच्या चिठ्ठ्यांवर ठेवला. डब्यातून राजापेठेची चिठ्ठी काढली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर गोळी घेतल्याची तारीख लिहायला सुरुवात केली.